तुपाचा तो एक चमचा

वाचकाचं पत्र

ताई, मी फोंडा तालुक्यातली, वय 54. माझा मुलगा सहा वर्षं मुंबईला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी तो व्हीगन झाला. नुस्तं (मासे), अंडी तर सोडलीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा बंद. तिथे त्याचं छान चाललंय. दर रविवारी मित्रमंडळी मिळून नवीन कॅफे शोधतात. ओट्सच्या दुधाची कॉफी, काजूचं चीज, फणसाची बिर्याणी, असले फोटो मला पाठवतो. आता त्याला घरून काम करायची परवानगी मिळालीय. चवथीला, म्हणजे गणपतीत, येणार आणि इथेच राहणार. मला आनंद व्हायला हवा, पण पोटात गोळा आलाय. आमच्या ह्यांना नुस्त्याशिवाय घास उतरत नाही. गेल्या चवथीला मुलाने पंचामृताचं तीर्थ घेतलं नाही. जावेने सगळ्यांदेखत विचारलं, ह्यांचा पारा चढला, मी आत जाऊन रडले. आमच्या माहेरी गोठा होता, वासराला पाजूनच आम्ही दूध काढायचो, त्यात पाप कसलं? मे महिन्यात तो आला तेव्हा मी त्याच्या वरणात गुपचूप चमचाभर तूप घातलं. किती वाळलाय पोर! त्याला कळलं नाही, मी अजून सांगितलेलं नाही. आता म्हणतो, पणजीत दोन मित्रांना घेऊन दर रविवारी व्हीगन जेवण सुरू करायचं, आणि आई, तुझं भाज्यांचं खतखतं त्यात हवंच. गोव्यात असलं कोण खाणार? मी त्याला रोज काय वाढू? आणि ते तूप... चुकलं का माझं?

उत्तर

प्रिय ताई,

प्रश्न पुष्कळ विचारलेत, पण मी शेवटचा आधी घेते. तोच तुमची झोप उडवत असणार. होय ताई, चुकलं. पोर वाळलेलं दिसलं की आईचा हात तुपाच्या बरणीकडे जातो, हे मला कळतं. तरी चुकलं. इतक्या खात्रीने सांगते, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे.

माझी भाची पुण्याला शिकत होती. तिने दूध सोडलं त्या वर्षीच्या दिवाळीला ती माझ्याकडे आली. मी शिरा करायला घेतला आणि सवयीने कढईत तूप घातलं. घातल्यावर लक्षात आलं, पण रवा भाजत आला होता आणि वास सुटला होता. तिने दारातून विचारलं, "मावशी, तेलातलाच ना?" मी "हो गं" म्हणून गेले. तिने दोनदा मागून घेतला. संध्याकाळी माझ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघ, तुपातला शिरा कसा आवडीने खाल्लास!" भाची भांडली नाही. उठली, मोरीपाशी जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बसली. पुढचे तीन दिवस केळी, चणे आणि पाव एवढ्यावर राहिली. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष माझ्याकडे आली की स्वतःचा डबा घेऊन यायची. स्टीलचा गोल डबा, झाकणावर नावाची पट्टी चिकटवलेली. माझ्या ओट्यावर, माझ्या भांड्यांच्या शेजारी तो डबा दिसला की माझ्या घशात आवंढा यायचा. मी जिला लहानपणी भरवलं, ती माझ्या हातचं खायला घाबरत होती.

जेवायला बसलेला माणूस वाढणाऱ्याच्या शब्दावर घास उचलतो. तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवण असताना कुणी भोपळ्याच्या भाजीत चिमूटभर गालमो (सुकी बारीक कोळंबी) टाकला आणि तुमच्या ह्यांना सांगितलं नाही, तर? "चिमूटभरच होता" म्हणून ते ऐकून घेतील? मुलाचंही तसंच आहे.

तेव्हा चवथीची गडबड सुरू व्हायच्या आधी त्याला सांगा. फोनवर नको, तो घरी आला की पहिल्या दोन दिवसांत, घरात दोघंच असताना. "मे महिन्यात मी तुझ्या वरणात तूप घातलं होतं, तुला न सांगता. पुन्हा करणार नाही." एवढंच. वाळलास म्हणून घातलं, चमचाभरच होतं, आईचं मन तुला नाही कळायचं, यातलं एकही वाक्य जोडू नका. तो चिडेल, कदाचित दिवसभर बोलणार नाही. चिडू द्या. मी भाचीला खरं सांगायला उशीर केला आणि ते तिला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, त्याची किंमत मला तो डबा बघून मोजावी लागली. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

आता माहेरच्या गोठ्याचं. तुमची आठवण खरी आहे, माझ्या आजोळीही तसंच होतं. आपली श्वेतकपिला गाय, दूध थोडं, वासरू आधी आणि आपण नंतर. पण तुमच्या फ्रीजमध्ये आज जी पिशवी आहे ती त्या गोठ्यातून येत नाही. गोव्याला लागणारं बरंचसं दूध कर्नाटक-महाराष्ट्रातून येतं. जिथून येतं तिथे वासराच्या वाट्याचा हिशेब वेगळा असतो. ट्रॅक्टर आले, कृत्रिम रेतन आलं, पाड्याला काम उरलं नाही, मग त्याला पोसणार कोण? पावसाळ्यातल्या रात्री हमरस्त्यावर बसलेली गुरं तुम्हीही पाहिली असतील. मुलगा या दुधाबद्दल बोलतोय. तुमच्या आईच्या गोठ्यावर त्याने बोट ठेवलेलं नाही. हे एकदा मनाशी वेगळं केलंत की त्याचं "नको" तुम्हाला इतकं लागणार नाही. त्याचं सगळं पटायलाच हवं असं नाही. मी स्वतः अजून चहात दूध घेते. पण तो विचार करून वागतोय एवढं मला मान्य आहे.

"मी त्याला काय वाढू" या प्रश्नावर मात्र मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. ज्या बाईच्या खतखत्यासाठी मुलगा पणजीत धंदा मांडायला निघालाय, तिने हे विचारावं? व्हीगन हा शब्द 1944 साली इंग्लंडात तयार झाला. आपल्या शिवराक स्वयंपाकाला त्या शब्दाची वाट पाहावी लागली नव्हती. कोकणपट्टीत गाय दूध कमी द्यायची आणि माड मात्र प्रत्येक परसात. म्हणून आपल्या बायांनी कढीला रोस (नारळाचं दूध) घातला, गोडाला रोस घातला, भाजीवर सोय (खवलेलं खोबरं) पेरली. उत्तरेकडच्या स्वयंपाकातून तूप, पनीर, साय काढली तर पुष्कळ पदार्थ उघडे पडतात. आपल्याकडे तसं होत नाही.

तुमचं खतखतंच बघा. तूरडाळ, त्यात मुळा, रताळं, सुरण, कच्चं केळं, शेवग्याची शेंग, मक्याच्या कणसाचे तुकडे. खोबरं, सुक्या मिरच्या आणि हळद यांचं वाटण, आंबटाला कोकमाची सोलं, गुळाचा खडा आणि शेवटी ठेचलेली तेफळं (तिरफळं). फोडणीसुद्धा नाही. झाकण काढल्यावर तेफळाचा तो वास अंगणापर्यंत जातो. यात मुलाला चालणार नाही असं काय आहे? काहीच नाही. मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, अळूची भाजी, कुवाळ्याची भाजी, आंबाड्याचं सासव, नीरफणसाच्या रवा लावून भाजलेल्या कापा. पावसाळ्यात ओळमी (रानातली आळंबी) मिळाली तर तिची शाकुती, पण ओळमी आता इतकी महाग आणि इतकी कमी झालीय की मी तिचा आग्रह धरत नाही. सोलकढी आहे. दहाच्या सुमाराला पेज आणि खारातली तोरं (कैऱ्या) आहेत. मुंबईच्या कॅफेत त्याला हे कुणी देणार नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो परत येतोय.

गोडात मणगणं (चणाडाळीची खीर) चालेल, फक्त काजू तुपात तळू नका, तसेच डाळीबरोबर शिजवा. दिवाळीचे रोसातले फोव (पोहे) चालतील. पातोळ्या चालतील, वरून तूप सोडू नका. दोदोल नारळाचा रोस, तांदळाचं पीठ आणि गुळाचा, तो चालतो. बेबिंका नाही, त्यात अंड्यांचा बलक आणि तूप दोन्ही. जत्रेच्या फेरीतली खाजी बहुतेक वेळा चालतात, पण तळणाचं तेल कुठलं ते विचारून घ्या. नेवऱ्यांच्या पिठाला तुपाऐवजी कडकडीत तेलाचं मोहन घाला. मी आता सगळ्यांसाठी तशाच करते, कुणाला फरक कळलेला नाही. मोदकावर ज्याला तूप हवं त्याने आपल्या पानात घ्यावं. वरणभातावर मुलाला घाण्याचं ताजं खोबरेल अर्धा चमचा घालून बघा. नुसत्या वरणावर ते जितकं छान लागतं तितकं मला दुसरं काही लागत नाही.

खरी अडचण येते ती चहाची आणि दह्याची. चहात सोयाचं दूध आलं-चहापत्तीबरोबर उकळलंत तर फाटतं आणि ओट्सचं बुळबुळीत होतं. कोरा चहा कडक करून गाळा आणि दूध वेगळं कोमट करून वरून घाला. काजूचं घरचं दूध त्याला सगळ्यांत बरं. मूठभर काजू चार तास भिजवून दोन कप पाण्यात गुळगुळीत वाटायचे, गाळायचीही गरज पडत नाही. आख्खे काजू कशाला, तुकडा काजू घ्या, निम्म्या पैशांत काम होतं.

दही शेंगदाण्याचं. हे मला भाचीने शिकवलं आणि आता माझ्या हाताला बसलंय. एक वाटी शेंगदाणे रात्री भिजवा. सकाळी चोळून सालं काढा, तीन वाट्या पाण्यात वाटा, पातळ फडक्यातून गाळा. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा. हात थांबला की खाली लागतं आणि मग करपल्याचा वास कशानेच जात नाही. कोमट झालं की त्यात सहा-सात हिरव्या मिरच्यांचे देठ, टोपीसकट, बुडवून ठेवा. विरजणाचं काम ते देठ करतात. पावसाळ्यात बारा तास लागतात, कधी जास्त. पहिलं दही पातळ येतं आणि शेंगदाण्याचा वास राहतो. निराश होऊ नका. त्यातला चमचा विरजण म्हणून घेऊन दुसरं लावा, ते घट्ट येतं. फोडणी दिली, काकडी किसून घातली की ताटात वेगळं ओळखता येत नाही.

बाजारातल्या पाकिटांबद्दल थोडक्यात. हिरवा ठिपका बघून खरेदी करू नका. तो ठिपका शाकाहाराचा आहे, दुधाच्या पदार्थांवरही असतो. बऱ्याच साध्या बिस्किटांत दूध पावडर असते. 2022 साली केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्ह दिलं, हिरवं इंग्रजी ‘व्ही’ आणि त्याच्या डोक्यावर पान. ते चिन्ह नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे सगळं दूधच. सोया किंवा ओट्सच्या पाकिटावर ‘मिल्क’ हा शब्द सापडला नाही तर गोंधळू नका, त्यांना तो लिहायची परवानगी नाही, म्हणून ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ असं लिहिलेलं असतं. नारळाच्या दुधाला ती मुभा आहे. वनस्पतींपासून केलेलं मटण-चिकनसारखंही मिळतं. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी 2021 साली काढलेलं इमॅजिन मीट्स आहे, उदयपूरचं गुडडॉट आहे. तुमच्या ह्यांना एखाद्या दिवशी चाखायला द्या, पण रोजच्या जेवणात मला त्याची गरज दिसत नाही. महाग आहे आणि मीठ बरंच असतं. असल्या वस्तू मुलाने स्वतःच्या पैशांनी आणाव्यात. घरखर्चात तो भार घेऊ नका.

तो वाळलाय या काळजीकडे आता नीट बघू, कारण ती खोटी नाही. फक्त तुपाने ती सुटणार नव्हती. जनावरांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्या माणसाला ब-12 जीवनसत्त्व अन्नातून मिळत नाही. इडलीच्या आंबलेल्या पिठातून मिळतं, शेवाळातून मिळतं, असं सांगणारे भेटतील. त्यावर विसंबू नका. प्रौढ माणसाला दिवसाला जेमतेम 2 मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं, पण ते गोळीतून किंवा ब-12 मुद्दाम घातलेल्या पदार्थातूनच घ्यायला हवं. यकृतात साठा असतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही, आणि नेमकं तिथेच माणूस फसतो. मग थकवा, तळपायांना मुंग्या, विसरायला होणं. माझ्या एका मैत्रिणीने मुंग्यांकडे वर्षभर दुर्लक्ष केलं आणि चालताना तोल जायला लागल्यावर डॉक्टर गाठला. ती दूध घेणारी शाकाहारी होती, तरी. तुमच्या मुलाला दोन वर्षं झालीत. तो आला की पहिल्याच आठवड्यात रक्त तपासा. ब-12, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन. गोळी किती आणि कुठली ते डॉक्टर सांगतील. याबाबतीत आईची सक्ती मला पूर्ण मान्य आहे. त्याने कुरकुर केली तर माझं पत्र दाखवा.

बाकीचं ताटातून होतं. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. नाचणीची आंबील, भाकरी, तिळाची चटणी आलटून पालटून ठेवा. रोज एक कडधान्य आणि एक डाळ, हे सोडू नका. मासा गेला म्हणून जवसाची चटणी असू द्या. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही. सोलकढी मात्र जरूर.

पंचामृताबद्दल मी बराच विचार केला. दूध, दही, तूप, मध, साखर, पाचातले चार पदार्थ त्याला चालत नाहीत. त्याने ते नाकारलं तेव्हा तुमच्या जावेला देवाचा अपमान दिसला आणि तुम्हाला घराचा. मला वाटतं या वर्षी पूजेआधीच वाट काढून ठेवावी. देवाला पंचामृत असू दे, त्यात बदल नको, ती पूजा तुमच्या घराण्याची आहे. त्याच्यासाठी बाजूला पळीपंचपात्रात तुळशीचं पाणी ठेवा. भटजींना आदल्या दिवशी सांगा, पूजेनंतर तेच तीर्थ त्याच्या हातावर घालतील. तुळशीचं तीर्थ कमी पवित्र आहे असं म्हणायला कुणी धजणार नाही. शहाळ्याच्या पाण्याने अभिषेक होतो, ते तर त्याला चालेलच. रेशमी मुकट्याला तो नको म्हणाला तर आश्चर्य वाटू देऊ नका, कोसल्यातला किडा उकळून रेशीम निघतं. धुतलेलं सुती धोतर सोवळ्याला पुरतं, आपल्या आजोबांना पुरत होतं.

आणि त्याला गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधायला लावा. हे मी फार मनापासून सांगते. डोक्यावरच्या त्या चौकटीला सुपाऱ्यांचे घोस, तोरिंग, कांगलां, माट्टुळं, रानातली फुलं-फळं बांधताना, कुठलं कुठून आणलं हे बापाशिवाय त्याला कोण सांगणार? बाप आणि मुलगा ज्याच्याबद्दल भांडू शकत नाहीत असं चवथीत एवढं एकच काम आहे.

ह्यांच्या नुस्त्याला कुणी हात लावू नये. मुलाने तसं म्हटलं तर त्याला थांबवा. तवा आणि कालथा वेगळा ठेवा, शिवराक आधी शिजवा, बांगडा नंतर. दोघं एका टेबलावर बसू देत. मुलाने वडिलांच्या पानाकडे बघून प्रवचन द्यायचं नाही आणि वडिलांनी "हे काय गवत खातोस" म्हणायचं नाही, हा करार तो यायच्या आधी ह्यांच्याशी आणि तो आल्यावर त्याच्याशी करून घ्या. जाऊबाईंना चवथीच्या आधी एक फोन करा. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, कारण तुम्ही त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं.

बाहेर खायचं म्हटलं तर तुम्हाला वाटतं तेवढा गोवा कोरडा नाही. हणजुणे, वागातोर, आसगाव, शिवोली, मोरजी, मांद्रे हा पट्टा परदेशी पाहुण्यांमुळे टोफू-हमसला केव्हाचाच सरावलाय. वागातोर-हणजुण्याकडचं ‘बीन मी अप’ पूर्ण व्हीगन म्हणून कित्येक वर्षं ओळखलं जातं. काणकोणात पाळोळे-आगोंदच्या बाजूलाही तसलं खाणं मिळतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. किनाऱ्यावरची बरीच ठिकाणं पावसाळ्यात बंद असतात आणि चवथ नेमकी त्यातच येते. दुसरं म्हणजे पाटीवर व्हीगन लिहिलं म्हणून डोळे मिटून खाऊ नये. भाचीला एका किनाऱ्यावरच्या कॅफेत व्हीगन म्हणून केक दिला, अर्धा संपल्यावर वेटरच म्हणाला, लोणी आहे पण थोडंसं. तिथेही तोच चमचा.

माझं विचाराल तर मुलाने पणजीतल्या कॅफे ताटो, कॅफे भोसले यांसारख्या भाजीपावाच्या जुन्या ठिकाणी जावं. पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांद्यांची भाजी आणि पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई. साधी पोई म्हणजे पीठ, कोंडा, मीठ आणि आंबवण, पूर्वी माडाच्या सुरेचं, आता बहुतेक यीस्टचं. बेकरीच्या मऊ पावात मात्र दूध पावडर असू शकते. उडुपी हॉटेलात डोसा "तेलात, लोणी-तूप नको" असं सांगून मागवायचा. नुस्त्याच्या हॉटेलात शाकाहारी ताट घेताना भाजीत सुंगटं (कोळंबी) आहेत का हे आवर्जून विचारायचं, कारण कित्येक जणांना सुंगटं म्हणजे नुस्तं वाटतच नाही. ओळखी व्हायच्या असतील तर कॅफेइतकीच दुसरी जागा आहे. भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्था गोव्यात चांगल्या आहेत आणि त्यांना स्वयंसेवक लागतात. त्याच्या विचारांची मुलं-मुली त्याला तिथे भेटतील. मुंबईसारखा रविवार इथे नाही म्हणून तो पहिले दोन-तीन महिने उदास होईल, ते तुमच्या घराचं अपयश समजू नका.

राहिलं पणजीतलं रविवारचं जेवण. "गोव्यात असलं कोण खाणार" याचं माझं उत्तर: व्हीगन म्हणून फार थोडे, खतखतं म्हणून पुष्कळ. कितीतरी घरांत म्हातारी माणसं गेली आणि तेफळ घालायचं प्रमाण त्यांच्याबरोबर गेलं. नोकरी करणाऱ्या जोडप्याला पाच-सात भाज्या चिरायला वेळ नाही. ती माणसं येतील. म्हणून मुलाला सांगा, पाटीवर आधी पदार्थाचं नाव लिही, व्हीगन खाली बारीक अक्षरांत. सुरुवातीला वीस ताटं, आगाऊ मागणी घेऊन, तीन महिने. अन्न सुरक्षेची नोंदणी पहिल्या दिवसापासून. काजूचं चीज आणि फणसाची बिर्याणी महिन्यातून एकदा ठेवायला हरकत नाही, तरुण पोरं त्यासाठी येतील.

आणि तुम्ही त्याच्या स्वयंपाकीण होऊ नका, ताई. हे स्पष्टच लिहिते, कारण मी असं होताना पाहिलंय. हौसेने सुरू होतं आणि सहा महिन्यांनी आई पहाटे चारला उठून नारळ खवत असते आणि मुलगा मोबाईलवर फोटो टाकत असतो. दोन रविवार तुम्ही शिजवा, तो शेजारी उभा राहून लिहून घेऊ दे. तिसऱ्या रविवारी आदोळीवर (विळीवर) तो बसेल आणि तुम्ही चव बघाल. तुमचा हिस्साही ठरवून घ्या, रुपयांत. मुलगा असला तरी.

लिहून देताना "अंदाजाने" हा शब्द टाळा. गेल्या वर्षी भाचीने माझ्याकडून खतखतं शिकताना वाटीच आणून पुढ्यात ठेवली होती. वीस माणसांना अर्धा किलो तूरडाळ, तीन नारळ, मूठभर सोलं, इथवर मी धडाधड सांगितलं आणि तेफळाशी अडले. मग मोजलं, तर तीस-पस्तीस भरली. आतलं काळं बी काढून टाकायचं, नाहीतर खरखर लागते, हेही तिने विचारलं तेव्हा मला सांगायचं सुचलं. चवथीच्या आधी बाजारात हिरव्या तेफळांचे घोस येतात. दोन जास्त घ्या, मिठाच्या पाण्यात ठेवलीत तर त्याच्या पहिल्या रविवारपर्यंत टिकतील.

तुमची,
ताई